नव्याचे नऊ दिवस संपल्यावर सवय टिकवायची कशी? (लोकलचा प्रवास धरून)

फास्ट_डोंबिवली :

नमस्कार मंडळी,

नोकरी बँकेत, ऑफिस बीकेसीला. सव्वाआठच्या आसपास डोंबिवलीहून फास्ट, कुर्ल्याला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा नाहीतर बस. पावणेदहाला लॉगइन. सुटायला साडेसहा होतात, घरी साडेआठ. वन रूम किचन, घरात चार माणसं. यात चार गोष्टी बसवायच्या आहेत : व्यायाम, जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यास (परीक्षेला सोळा आठवडे आहेत), दर महिन्याला काही रक्कम बाजूला टाकणं, आणि कबूल केलेलं काम कबूल केलेल्या वेळेला देणं. या चौथ्या गोष्टीला लोक स्वभाव म्हणतात. ती बाकीच्या तीनसारखी लावून घेता येते का?

पहाटे चारला उठायचा सल्ला कृपया नको. आणि सवय लागायला कोणी २१ दिवस म्हणतं, कोणी ६६. नक्की काय धरायचं?


चौथी_सीट :

चारही एकदम धरल्यात तर चारही सुटतील. क्रम लावा. पैशाचं आजच करून टाका, ते एकदा बसवलं की रोज हात लावावा लागत नाही. अभ्यासाला तारीख आहे, तो याच आठवड्यात सुरू. व्यायाम तीन-चार आठवड्यांनी, अभ्यास रुळला की. शब्द पाळण्याबद्दल दुसरं कोणी लिहील, मी फक्त सवय बसवण्याच्या तंत्राबद्दल लिहितो.

सवय घड्याळाला बांधली की मुंबईत ती पहिल्या पावसातच निसटते. गाडी बारा मिनिटं लेट, रिक्षाला रांग, आणि 'साडेसातला अभ्यास' गेला. त्यापेक्षा ती एखाद्या घटनेला बांधा. तुमच्या दिवसात काहीही झालं तरी घडणाऱ्या गोष्टी लिहून काढा : चहाचा कप खाली ठेवणं, बूट चढवणं, प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, कुर्ल्याला उतरणं, परतीच्या गाडीत शिरणं, घरी येऊन हातपाय धुणं, ओटा आवरणं. प्रत्येक नव्या सवयीला यातली एकच घटना द्यायची आणि वाक्य कागदावर लिहायचं : 'अमुक झालं की अमुक जागी अमुक करणार.'

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने या 'जेव्हा-तेव्हा' वाक्यांवर बरंच काम केलंय. २००२ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवडाभरात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करायला सांगितलं होतं. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी तो केला. ज्यांना व्यायामाचे फायदे वाचायला दिले त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी. फायदे वाचून वर दिवस, वेळ आणि जागा लिहून घेतलेल्यांमध्ये हाच आकडा ९१ टक्के. म्हणजे नुसत्या प्रेरणेच्या व्हिडिओंनी किती फरक पडतो ते बघा.

वाक्य फसतं ते बहुतेक तीन कारणांनी. घटना रोज घडणारी नसते ('लवकर सुटलो की'). घटना मोघम असते : 'जेवणानंतर' म्हणजे हात धुतल्यावर, बडीशेप खाल्ल्यावर की टीव्हीवरची मालिका संपल्यावर? किंवा त्या क्षणी हात मोकळे नसतात, आणि लोकलवाल्यांचं नेमकं इथेच गाडं अडतं. सव्वाआठच्या डोंबिवली फास्टमध्ये पुस्तक उघडायचं विसरा. एक हात कडीला, दुसरा छातीशी धरलेल्या बॅगेवर. मोकळे असतात ते फक्त कान. म्हणून सकाळी ऐकायचं : आदल्या दिवशी अभ्यासलेल्या प्रकरणातल्या व्याख्या, नियम, सूत्रं स्वतःच्या आवाजात आठ-दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. इअरफोन प्लॅटफॉर्मवरच कानात आणि फाइल तिथेच सुरू. गाडीत चढल्यावर खिशापर्यंत हात पोचत नाही. परत येताना दरवाज्यातून आत, सीटांच्या मधल्या पॅसेजमध्ये शिरायला मिळालं की एक हात सुटतो. तेवढ्यात मोबाइलवर वीस प्रश्न होतात.

मुख्य अभ्यास मात्र घरी ठेवू नका. चार माणसांच्या वन रूम किचनमध्ये साडेनऊनंतर एकाग्रता मागणं हा घरच्यांवरही अन्याय आहे. अर्धा तास आधीची गाडी धरा, ऑफिसच्या कँटीनमध्ये एक ठरावीक टेबल धरा, ४० मिनिटं. टेबल रोज तेच हवं. पहिले काही आठवडे बसल्यावर काय करायचं ते स्वतःला सांगावं लागतं, मग टेबलच सांगतं.


कोरा_कागद :

२१ आणि ६६ बद्दल.

२१ चा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लिखाणात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची स्वतःला सवय व्हायला 'कमीत कमी सुमारे' २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'कमीत कमी' गळलं, चेहराही गळला, नुसता आकडा उरला.

६६ हा आकडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासातला. ९६ स्वयंसेवक, १२ आठवडे, प्रत्येकाने खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकच नवी गोष्ट निवडायची आणि रोज एकाच प्रसंगाला जोडून करायची. ती किती आपोआप होऊ लागली हे ते रोज नोंदवत. ६६ ही मधली किंमत आहे. माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. आता ८४ दिवसांच्या अभ्यासात २५४ दिवस कुठून आले? ज्यांचा आलेख अजून चढत होता त्यांचा तो गणिताने पुढे वाढवला. त्यामुळे ६६ वर लाल गोल करून बसू नका. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला तिच्या सुमारे दीडपट वेळ लागला.

त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी आकड्यापेक्षा उपयोगी आहेत. आलेख सुरुवातीला भराभर चढतो आणि मग सपाट होत जातो, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतली प्रत्येक वेळ जास्त मोलाची. आणि एखादा दिवस चुकल्याने लक्षात येण्याजोगं नुकसान होत नाही. एक दिवस गेला म्हणून सगळंच सोडून देणारे आरंभशूर इथेच मार खातात.

नोंद ठेवायला अ‍ॅप लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो तसे सवयीचे खाडे मांडा. झालेल्या दिवसाला काही लिहू नका, चुकलेल्या दिवशीच 'खा' लिहायचं आणि शेजारी दोन शब्दांत कारण : 'गाडी लेट', 'पाहुणे', 'झोप', 'क्लोजिंग'. महिनाअखेर खाड्यांची संख्या बघू नका, कारणं बघा. बहुतेक वेळा एकच कारण तीन-चारदा दिसेल. पुढच्या महिन्यात फक्त तेवढ्या एका कारणाची सोय लावायची. 'पाहुणे' असेल तर जागा बदला, 'झोप' असेल तर आदली रात्र बदला. 'कंटाळा' हे कारण मात्र चालणार नाही, त्याच्या मागे नेहमी दुसरं काहीतरी असतं : काम फार मोठं, किंवा सुरुवात कुठून करायची तेच ठरलेलं नाही.

सलग दोन खाडे मात्र नकोत. दुसऱ्या दिवशी छोटा हप्ता भरायचा. अभ्यासाचा छोटा हप्ता पाच प्रश्न, व्यायामाचा तीन सूर्यनमस्कार.


हिशेबी :

वरच्या छोट्या हप्त्याबद्दल एक इशारा. तो अडल्या दिवसासाठी आहे. 'रोज दोन मिनिटं' हे व्रत म्हणून छान, पण दोन मिनिटांनी जेएआयआयबी निघत नाही. आकडा मांडा : आठवड्यात पाच दिवस ४० मिनिटं आणि रविवारी अडीच तास, म्हणजे ५ तास ५० मिनिटं. सोळा आठवड्यांचे झाले सुमारे ९३ तास. पेपर चार, म्हणजे सरासरी २३ तास. पण सरासरीने वाटू नका. कॉमर्सची पार्श्वभूमी नसेल तर अकाउंटिंगच्या पेपरला ३५ द्या आणि ज्या विषयाचं काम ऑफिसात रोज करता त्याचे कमी करा. तासांतले निम्मे प्रश्न सोडवण्यात जायला हवेत. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातलं सुमारे ४० टक्के आठवलं. एकदाच वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. हायलायटरने पिवळी केलेली पानं डोळ्यांना आपलीशी वाटतात, परीक्षेत मात्र कामी येत नाहीत.

आता पैसे. तुम्ही स्वतः बँकेत, तुम्हाला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (ठरल्या तारखेला रक्कम आपोआप वळती करायची बँकेला दिलेली सूचना) समजावताना जरा हसू येतंय, पण बँकवाल्यांचीच खाती महिनाअखेर कोरडी असतात.

रक्कम किती? गेल्या तीन महिन्यांत पगाराच्या आदल्या दिवशी खात्यात किती शिल्लक होती ते बघा. काहीच नसेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या ३ टक्क्यांपासून धरा. ४८,००० वर १,४४०, म्हणजे १,५०० करा. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप वळती व्हायला हवी. दहा तारीख ठेवलीत की तोवर खात्याला गळती लागलेली असते, हप्ता परत जातो आणि वर दंडही बसतो. आधी आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव) किंवा वेगळ्या बचत खात्यात तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी होऊ द्या. त्यानंतर पीपीएफ, म्हणजे सरकारची लांब मुदतीची बचत योजना. हे उलट केलंत तर पहिल्याच दवाखान्याच्या बिलाला पैसे अडकलेले असतील, कारण पीपीएफमधून थोडी रक्कम काढायची तरी सातवं आर्थिक वर्ष उजाडावं लागतं. पीपीएफला पैसे ५ तारखेच्या आत. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, सहा तारखेला भरलेत तर त्या महिन्याचं व्याज गेलं.

वाढवायचं कसं? वार्षिक वाढ मिळेल त्या महिन्यात, वाढीतला निम्मा भाग बचतीत. हे आधीच, आज, लिहून ठेवा. थेलर आणि बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत असंच केलं : पगारवाढीबरोबर बचतीचा टक्काही वाढेल, याला कामगारांची आगाऊ संमती घेतली. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात आलेलं कमी होत नाही, म्हणून टोचत नाही.

आणि यूपीआय पगाराच्या खात्याला जोडू नका. दुसरं खातं, त्यात दर सोमवारी आठवड्याची रक्कम. शुक्रवारी खडखडाट झाला की वडापाव, रिक्षा आणि 'फक्त ९९ रुपये' यांचा हिशेब न मांडता कळतो.


ओटा_आवरला :

व्यायामाचं मी सांगते. सकाळी स्टेशनवरून चालत बीकेसी गाठायच्या फंदात पडू नका, घामाने शर्ट भिजतो आणि आठवड्यात उत्साह मावळतो. संध्याकाळी उलट करा : ऑफिस ते कुर्ला स्टेशन चालत, अर्धा तास भरभर. पाच दिवसांचे १५० मिनिटं होतात, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान तेवढंच सांगते. ती स्नायूंसाठी आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायामही सांगते : बैठका, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून जोर, प्रत्येकी दहाचे तीन फेर. घरात जागा लागते ती सतरंजीएवढी. चालण्याचे बूट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. फॉर्मल बुटांनी टाच सोलली की सवय तिथेच संपते. जून ते सप्टेंबर चालणं बंद धरा आणि सकाळी चहाचं आधण ठेवलं की बारा सूर्यनमस्कार. आधण उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक.

रात्रीच्या मोबाइलवर निर्धार चालत नाही, अंतर चालतं. चार्जर उशाशी नको, ओट्याजवळच्या प्लगला. गजराला साधं घड्याळ आणा. 'संध्याकाळपर्यंत इच्छाशक्ती संपते' हे फार ऐकायला येतं, पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून हा परिणाम तपासला तेव्हा तो जवळजवळ शून्य निघाला. दमणूक खरीच असते. दमलेला माणूस जे हाताशी आहे तेच उचलतो, म्हणून हाताशी काय ठेवायचं ते आधी ठरवायचं. सहानंतरचा कटिंगही सोडा. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि उशिरा झोपलात की चाळीस मिनिटांचं ते कँटीन टेबल गेलं.


दुसरी_घंटा :

चौथ्या प्रश्नावर. १९२८ मध्ये हार्टशोर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा वेगवेगळ्या प्रसंगांत तपासला. परीक्षेत कॉपी करणारा मुलगा खेळात किंवा पैशाच्या बाबतीतही लबाडी करेलच, असं त्यातून दिसलं नाही. प्रसंग बदलला की वागणूक बदलत होती. त्यामुळे 'माझा स्वभावच असा' हे वाक्य जरा बाजूला ठेवा आणि शब्द कोणत्या प्रसंगी मोडतो ते शोधा.

ऑफिसात तो बहुतेक वेळा देतानाच मोडलेला असतो. 'करतो', 'बघतो', 'होऊन जाईल' ही तीन उत्तरं बंद करा. त्यांच्या जागी तीनच उत्तरं ठेवा : 'गुरुवारी पाचपर्यंत देतो', 'या आठवड्यात जमणार नाही', 'उद्या अकराला सांगतो'. साहेबांना तोंडावर 'जमणार नाही' म्हणता येत नसेल तर तिसरं उत्तर वापरा, मात्र अकराला खरंच सांगा. दिलेला प्रत्येक शब्द एकाच वहीत : कोणाला, काय, कधीपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर तारा लावलेले मेसेज म्हणजे वही नव्हे, ते वर वर सरकत जातात.

तारीख देताना अंदाज हमखास चुकतो. कॅनडात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध संपवायला सरासरी ३४ दिवस सांगितले, लागले ५५. मनातल्या मनात काम सोपं दिसतं, कारण त्यात सर्व्हर डाऊन होत नाही आणि सही करणारे साहेब रजेवर नसतात. म्हणून मनातला आकडा सांगू नका. अशाच प्रकारच्या मागच्या तीन कामांना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते वहीत बघा आणि त्यातला मोठा आकडा सांगा. वहीत अजून काही नसेल तर मनातल्या आकड्याची दीडपट.

हुकणार असं दिसलं तर मुदतीच्या आधी कळवायचं. बुधवारी सांगितलेला उशीर समोरचा माणूस सावरून घेतो. तोच शुक्रवारी, त्याने विचारल्यावर सांगितलात तर तो पुढच्या वेळी तुम्हाला कामच देत नाही. कळवताना कारण एका वाक्यात आणि नवी तारीख. लांबलचक दिलगिरी कोणी वाचत नाही.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १३ गुणांची वही केली होती. एका आठवड्यात एका गुणावर भर, वर्षात चार फेऱ्या, आणि चूक झाली की काळा ठिपका. म्हणजे खाडेच. व्यवस्थितपणाने त्यांना सर्वांत जास्त छळलं असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तेरा तुम्हाला जड जातील, एक पुरे : या महिन्यात फक्त 'तारखेशिवाय होकार नाही'.


फास्ट_डोंबिवली :

सगळ्यांचे आभार. वाक्यं लिहिली, चुकत असेल तर सांगा.

१. कँटीनच्या टेबलावर डबा ठेवला की ४० मिनिटं अभ्यास.
२. जेवण झालं की दहा मिनिटं उजळणी.
३. लॉगआउट केलं की बूट बदलून कुर्ल्यापर्यंत चालत (पुढच्या महिन्यापासून).

रविवारी गाडीच नसते, मेगाब्लॉक असो वा नसो. आणि गणपतीत गावी जायचं असतं, तेव्हा काय?


चौथी_सीट :

दुसरं वाक्य बदला, तेच मोघम आहे. शिवाय साडेनऊनंतरची उजळणी पहिली गळेल. 'परतीच्या गाडीत बॅग पुढे घेतली की वीस प्रश्न' एवढं पुरेसं आहे, उजळणी त्यातच आली.

रविवारसाठी वेगळं वाक्य लागतं, कारण आठवड्याची एकही खूण त्या दिवशी नसते. 'सकाळचा नाश्ता झाला, ताटली धुतली की पिशवी घेऊन अभ्यासिकेत' असं काहीतरी. डोंबिवलीत अभ्यासिका बऱ्याच आहेत. दहाच्या आत पोचा, नंतर जागा मिळत नाही. अडीच तास सलग नकोत, मध्ये पंधरा मिनिटं खाली उतरून या. उठायची वेळ रविवारी तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नका, सोमवारची आधीची गाडी त्यावरच अवलंबून आहे.

गणपतीत अभ्यास होईल असं धरूच नका. ते दिवस सोळा आठवड्यांतून आधीच वजा करा आणि तास पुन्हा मांडा. घर, माणसं, जेवणाच्या वेळा सगळंच बदललं की सवयीच्या खुणा जातात, वेंडी वूड यांनी कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांवर हेच दाखवलंय. निघायच्या आधी परतीचा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवसाचा छोटा हप्ता पाच प्रश्नांचाच ठेवा. कोकणातून रात्रीच्या गाडीने येणार असाल तर तो दिवस धरू नका, दुसऱ्या दिवशीची कुर्ल्याहून परतीची गाडी धरा.